पहिली ओळ मोकळी सोडली हो!

अहो, ऐकलंत का? लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंगवाल्यांनी आपली कॉमेंटची रीत सोडली! खरंच सोडली. नियमाच्या कागदातून खोडूनच टाकली हो. बातमी तशी 2023 च्या नोव्हेंबरातली, म्हणजे चांगलीच शिळी, पण मला परवा कळली आणि तेव्हापासून कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालंय. या जरा इकडे, जास्वंदीच्या बाजूला. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात सगळं ऐकू जातं, आणि त्यांचे जावई पडले नेटवर्क ड्रायव्हरवाले. उगाच कशाला…

तर झालं काय, व्हँकुव्हरला नेटडेव्हवाल्यांचं, म्हणजे या नेटवर्किंगवाल्यांचंच, संमेलन भरलं होतं. मंडळी एका खोलीत बसलेली. विषय निघाला, ठरलं, आणि बर्गांच्या योहानेसने, तो वायफायवाला हो, त्याच आठवड्यात पॅच पाठवून दिला. कारण काय लिहिलंय? खोलीत बोलणं झालं त्याप्रमाणे आपली वेगळी कॉमेंटची सक्ती काढतोय. संपलं! ना खुलासा, ना हळहळ. कोडिंग स्टाइलमधला तुकडा गेला, नेटडेव्हच्या स्वतःच्या नियमावलीतला गेला, चेकपॅचमधली तपासणी गेली. ज्यापायी इतक्या पोरांना इतकी वर्षं तेच पॅच पुन्हा पुन्हा पाठवायला लावले, ती गोष्ट एका कमिटमध्ये गेली बघा.

आता तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हाला ठाऊकच आहे. बाकी सगळ्या लिनक्स कर्नलमध्ये लांब कॉमेंट लिहायची तर पहिल्या ओळीवर नुसतं स्लॅश-स्टार. एकटं. मजकूर खालच्या ओळीपासून, प्रत्येक ओळीच्या आरंभी एकेक स्टार, आणि शेवटी स्टार-स्लॅश, तेही एकटं. वर मोकळं, खाली मोकळं, डोळ्यांना बरं वाटतं. आणि यांच्या नेट आणि ड्रायव्हर्स-नेट या दोन डिरेक्टरींत? मजकूर पहिल्याच ओळीवर स्लॅश-स्टारला खेटून सुरू, उंबरठ्यावरच पाट मांडून बसल्यासारखा! शेवटचं स्टार-स्लॅश मात्र चारचौघांसारखं खालच्या ओळीवर. म्हणजे वरून बंद, खालून उघडं. एक ओळ वाचते म्हणा, ते खरं. पण एका ओळीसाठी एवढा वेगळेपणा मिरवायचा?

आधी ती नुसती सवय होती. मिलरांचा डेव्हिड, नेटवर्किंग त्यानेच तर सांभाळलं इतकी वर्षं, त्याला तसंच लागायचं. नव्या माणसाने नेहमीच्या रीतीने कॉमेंट लिहिली की उत्तर यायचंच: इथे अशी नाही, अशी लिहितात. मग 2012 साली ती सवय कोडिंग स्टाइलच्या कागदावर चढली, की बाई नेट आणि ड्रायव्हर्स-नेटमधल्या फायलींची आवड थोडी वेगळी आहे. थोडी वेगळी! शब्द कसे मऊ मऊ वापरतात बघा. आणि त्याच वर्षी चेकपॅचलाही ते शिकवलं. चेकपॅच म्हणजे ती पर्ल स्क्रिप्ट हो, पॅच पाठवायच्या आधी सगळ्यांचे कान पकडते ती. तिला आता दोन तोंडं झाली. नेटमधली फाईल दिसली की म्हणणार, पहिली ओळ मोकळी का ठेवलीस? दुसरीकडची फाईल दिसली की तीच मोकळी ओळ तिला चालणार. पोरांनी करायचं काय?

आणि हो, तो कोडिंग स्टाइलचा कागद तुम्ही पहिल्यापासून वाचलायत ना? त्यात आरंभीच काय सांगितलंय, की ग्नूवाल्यांच्या कोडिंग स्टँडर्डची एक प्रत छापून घ्या, वाचू नका, आणि जाळून टाका. अगदी गंमत म्हणून म्हटलंय, पण म्हटलंय! आणि ग्नूवाले तरी काय कमी आहेत? त्यांच्याकडे कॉमेंटमध्ये वाक्य संपलं की पूर्णविरामानंतर दोन स्पेस सोडाव्या लागतात. कशासाठी, तर ईमॅक्सला वाक्य कुठे संपलं ते कळावं म्हणून. एडिटरच्या सोयीसाठी माणसांनी दोनदा स्पेसबार दाबायचा. मी ऐकलं तेव्हा गप्पच बसले. आणि फ्रीबीएसडीवाल्यांच्या फायलींच्या डोक्यावरच्या लायसन्सच्या कॉमेंटी बघा, तिथे स्लॅश-स्टारला लागून एक आडवी रेघ दिसते. ती इंडेंट नावाच्या प्रोग्रामसाठी खूण: या कॉमेंटला हात लावू नकोस. प्रत्येकाचं काही ना काही असतंच.

तर काय सांगत होते… हां, नेटवर्किंगवाले. 2016 चा जुलै आठवतोय ना? 4.7 ची तयारी चाललेली. शूंचा हर्बर्ट, क्रिप्टो सांभाळतो तो, त्याच्या दुरुस्त्यांवरून बोलणं चाललं होतं. आता हर्बर्ट मूळचा नेटवर्किंगच्याच गोतावळ्यातला, आयपीसेक वगैरे, त्यामुळे रीतही तिकडचीच अंगवळणी पडलेली. आणि टोरवाल्ड्सांच्या लिनसच्या नजरेला त्याची तसली कॉमेंट पडली. बाई बाई बाई! कोडची गोष्ट बाजूला राहिली आणि सुटला ना तो कॉमेंटींवर. ही नेटवर्किंगची डोकं फिरलेली रीत एकदाची बंद करता का, म्हणाला. मग नमुने लिहून दाखवले. ही एका ओळीची कॉमेंट, चांगली. ही वर-खाली मोकळी, समतोल, हीसुद्धा चांगली. आणि ही तुमची, नशापाणी करून लिहिल्यासारखी. असं सगळ्यांदेखत! हर्बर्टच्या जागी मी असते तर माझं तोंड एवढंसं झालं असतं. बिचारा क्रिप्टोच्या दुरुस्त्या घेऊन आलेला, आणि बोलणी खाल्ली नेटवर्किंगच्या वाटची.

पण खरी मेख पुढे आहे. लिनस म्हणाला, समतोल कॉमेंट तुम्हाला झेपत नसेल तर सरळ डबल स्लॅशवर जा. डबल स्लॅश! म्हणजे सी प्लस प्लसची रीत! ज्या लिनसने सी प्लस प्लसबद्दल आयुष्यात एक शब्द धड काढला नाही, तो म्हणतो त्यांची कॉमेंट चालेल, पण नेटवर्किंगवाल्यांची नको. यावर कोणाचं काय उरतं सांगा.

तसा डबल स्लॅश काही सी प्लस प्लसवाल्यांनी शोधलेला नाही हो. तो बीसीपीएलमधला, साठच्या दशकातला. त्या बीसीपीएलवरून बी आली, बीवरून सी आली, आणि या वाटेत डबल स्लॅश हरवून स्लॅश-स्टार आलं. मग सी प्लस प्लसवाल्यांनी जुना डबल स्लॅश पुन्हा काढला, आणि 1999 च्या मानकात सीनेही तो गुपचूप परत घेतला. तरीही कर्नलमध्ये पुष्कळ वर्षं डबल स्लॅश दिसला की जुनी मंडळी नाक मुरडायचीच. ते नाक कधी खाली आलं माहितीय? 2017 ला, लायसन्सच्या प्रकरणात. ते येतंच पुढे, थांबा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं भांडायचं कशावरून? तीच तर गंमत आहे! कंपायलरला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. सीचा नियमच आहे, कॉमेंट केवढीही लिहा, चार शब्दांची की चार पानांची, कंपायलर तिच्या जागी एक स्पेस समजतो आणि पुढे जातो. एक स्पेस! मिलरांच्या डेव्हिडची कॉमेंटही एक स्पेस, लिनसची समतोल कॉमेंटही एक स्पेस. मशीन ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही त्यापायी माणसांनी एकमेकांशी अबोला धरायचा. आणि मला विचाराल तर मी म्हणेन, म्हणूनच भांडतात. लॉकिंगवर भांडायला लॉकिंग कळावं लागतं. मेमरी बॅरियरवर चार लोक बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. कॉमेंटच्या पहिल्या ओळीवर कोणीही बोलू शकतं की नाही?

पण सगळ्याच कॉमेंटी अशा बिनकामाच्या नसतात बरं का. एक होती, ती कंपायलर चक्क वाचायचा! अहो, ती स्विचमधली. एका केसमधून ब्रेक न लावता खालच्या केसमध्ये जाऊ द्यायचं असेल तर शहाणी माणसं तिथे लिहून ठेवायची, की मुद्दाम सोडलंय, खाली जातंय. नाहीतर पुढच्याला वाटायचं विसरला. 2017 ला जीसीसी 7 आला आणि त्याने नवीन वॉर्निंग आणली: ब्रेक नाही, हे मुद्दाम की चुकून? आणि मुद्दाम असेल तर कळणार कसं? तर म्हणे ती कॉमेंट वाचून! त्यात पुन्हा पायऱ्या. किती सैल वाचायचं आणि किती कडक, ते आपण सांगायचं. एका पायरीवर कुठलीही कॉमेंट असली तरी त्याचं समाधान, त्याच्या पुढच्या पायरीवर फॉल थ्रूसारखं काहीतरी दिसायला हवं, मधल्या पायरीवर ठराविक ठराविक रूपंच चालणार, आणि सगळ्यात कडक पायरीवर कॉमेंट वाचायचीच नाही, अ‍ॅट्रिब्यूट लिहा म्हणणार. म्हणजे तोपर्यंत जो एक स्पेस समजून पुढे जात होता, तो आता चश्मा लावून स्पेलिंग तपासायला बसला.

मग काय, सिल्व्हांच्या गुस्तावोने पदर खोचला… म्हणजे त्यांच्याकडे काय खोचतात ते खोचलं. एकेक फाईल उघडायची, एकेक स्विच बघायचा, हे मुद्दाम सोडलंय की खरंच विसरलेत ते ठरवायचं. हजारांनी जागा हो! आणि त्यात खरेखुरे बगही निघाले, वर्षानुवर्षं दबा धरून बसलेले. तेव्हा ज्यांनी आधी नाकं मुरडली होती, की कसली ही कॉमेंटींची झाडलोट, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असणार. 2019 ला 5.3 मध्ये ती वॉर्निंग सगळ्या कर्नलसाठी चालू झाली. एवढं सगळं उरकलं, आणि मग क्लँगवाले आले. क्लँग काय म्हणतो? मी कॉमेंटी वाचत नाही. वाचणारही नाही. झालं की नाही पुन्हा! शेवटी पर्चेसांच्या जोने तोडगा काढला, फॉलथ्रू नावाचा एक मॅक्रो, दिसतो अगदी भाषेतल्या शब्दासारखा, आतून अ‍ॅट्रिब्यूट. आणि 2020 ला गुस्तावोने त्या सगळ्या कॉमेंटी काढून त्या जागी तो शब्द बसवला. ज्याने आधी कॉमेंटी लावल्या त्यानेच पुन्हा काढल्या. मी असते तर क्लँगवाल्यांना चहालासुद्धा बोलावलं नसतं.

हां, तर लायसन्सचं सांगत होते. पूर्वी प्रत्येक फाईलच्या डोक्यावर जीपीएलचा भलामोठा परिच्छेद असायचा ना? खाली पत्ताही असायचा, लायसन्सची प्रत मिळाली नसेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला बोस्टनला पत्र लिहा. आता गंमत अशी, की फाउंडेशनने जागा बदलली. आधी टेंपल प्लेस, मग 2005 ला फ्रँकलिन स्ट्रीट. आणि फायलींमध्ये? कुठे हा पत्ता, कुठे तो, कुठे त्याच्याही आधीचा केंब्रिजचा. कोणी बदलायचा? चेकपॅच शेवटी वैतागून सांगायला लागली, की पत्ता लिहूच नका, ते लोक घर बदलतात.

शेवटी 2017 च्या नोव्हेंबरात क्रोह-हार्टमनांच्या ग्रेगने आणि बाकीच्या मंडळींनी मिळून एका दमात 11,000 च्या वर फायलींना एकेक ओळ लावली, एसपीडीएक्सची. लायसन्स कुठलं ते एका ओळीत, मशीनला वाचता येईल असं. छान! पण ती ओळ लिहायची कुठल्या रीतीने? सीच्या फायलींत डबल स्लॅशने. लिनसचाच आग्रह. जुन्यांची नाकं वर होती ती इथे खाली आली, कारण आता सीच्या प्रत्येक फाईलची पहिलीच ओळ डबल स्लॅशची. मात्र हेडर फायलींत? तिथे स्लॅश-स्टार! का, तर हेडर फक्त सीच वाचत नाही, असेंब्लीवालेही वाचतात, लिंकर स्क्रिप्टही वाचतात, आणि लिंकरला डबल स्लॅश उमजेना. बिल्ड मोडला. म्हणून सीला एक नियम, हेडरला दुसरा. तुम्ही आता सीची कुठलीही फाईल उघडा, पहिली ओळ एका रीतीची आणि तिच्या खालचीच कॉमेंट दुसऱ्या रीतीची. आणि याच्यावर कोणी ब्र काढत नाही! नेटवर्किंगवाल्यांच्या एका मोकळ्या ओळीवरून मात्र केवढा गहजब झाला होता.

अहो, आणि ते मिठ्यांचं प्रकरण? थांबा, आवाज लहान करते. 2018 चा सप्टेंबर. लिनसने माफी मागितली, तोंडाचा पट्टा सुटतो म्हणून कबूल केलं, थोडे दिवस सुट्टीवर गेला, ग्रेगने 4.19 सांभाळलं, नवीन आचारसंहिता आली. सगळं गुडी गुडी. आणि नोव्हेंबरच्या शेवटी इंटेलमधल्या एका मेंटेनरने 15 पॅच पाठवले. कशाचे? तर कर्नलच्या कॉमेंटींमध्ये जिथे जिथे तो चार अक्षरी इंग्रजी शब्द होता, तो काढून तिथे मिठी! हो, हग! वाक्य तेच ठेवलं, फक्त शब्द बदलला. म्हणजे एखाद्या चिपवर चिडून कोणी रात्री तीनला शिवी हासडून ठेवलेली असेल, तिथे आता त्या चिपला मिठी. वाचायला बसले तर माझी हसून हसून पुरेवाट. काहींना कळेना, की हा मनापासून आलाय की टवाळी करतोय. आचारसंहिता तर जुन्या कोडला लागूच नाही, असंही कोणी म्हणालं. मिठ्या काही टिकल्या नाहीत. पण एवढं खरं, की त्यानंतर पुष्कळांनी आपापल्या जुन्या कॉमेंटी एकदा गपचूप चाळून पाहिल्या असणार. आणि ती प्रिंटफवाली कॉमेंट तर आहेच अजून, की विर्झेनियसने हे कुठेही चालेल असं लिहिलं होतं, टोरवाल्ड्सने त्याची वाट लावली. ती कोण काढणार? ज्याने वाट लावली तोच मालक!

बरं, मी कुठे होते… हां, जावई! त्यांना मी सांगितलं हो. राहवलं नाही. परवा गाडी लावत होते, म्हटलं, काय हो, तुमच्याकडची रीत गेली म्हणे? ते आधी नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "काकू, रीत गेली, पण आमच्या फायलीत अजून जुनंच आहे. कोण बदलणार?" मी म्हटलं, एक स्क्रिप्ट लिहा, एका संध्याकाळी सगळ्या कॉमेंटींची पहिली ओळ मोकळी होईल. अहो, त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांची सर्व्हिस बुकच मागितली! "काकू, असं नका म्हणू. ब्लेमचं काय होईल?"

आणि ते बरोबर आहे बाई. मी स्टोरेजवाली, आम्हीही तेच भोगलंय. एखादी ओळ तिथे का आली ते शोधायला गिट ब्लेम चालवावं, आणि उत्तर काय यावं? तर कोणीतरी स्टार एक ओळ खाली नेला त्याचं कमिट. मग त्याच्या मागे जा, आणखी मागे जा. आता गिटला सांगता येतं म्हणा, की ही ही कमिटं मोजू नकोस. 2019 च्या ऑगस्टात 2.23 मध्ये ती सोय आली. पण ती यादी ठेवायची कोणी आणि प्रत्येकाने ती वापरायची कशी? शिवाय जुन्या स्टेबल कर्नलमध्ये दुरुस्त्या न्यायच्या असतात. मधल्या कॉमेंटीच हलवल्या की पॅच बसतच नाही, आणि बसवणारा बसतो डोकं धरून. म्हणून त्यांनी काय केलं? सक्ती काढली आणि जुन्या कॉमेंटींना हातही लावला नाही. चेकपॅचची सर्वसाधारण तपासणी तशीही दोन्ही रीती चालवून घेते. आता एकाच फाईलमध्ये वरची कॉमेंट उंबरठ्यावर आणि खालची मोकळी. असू दे! मला तर तेच शहाणपणाचं वाटतं. नवीन कोड येईल तसं येईल.

पण तुम्हाला सांगते, आपल्याकडच्या पोरांना हे पटत नाही. त्यांना सगळं एका रेषेत हवं. त्यात त्यांचाही दोष नाही, पहिला पॅच पाठवायचा तर आरंभ इथूनच करतात ना. ग्रेगची ती स्टेजिंग डिरेक्टरी, अर्धेकच्चे ड्रायव्हर ठेवलेली, तिथे जा, चेकपॅच चालव, जिथे ओरडेल तिथे नीट कर, पाठव. इथल्या कॉलेजांतली मुलंमुली असंच शिकतात. 2021 ला तर मेंटॉरशिपमधल्या आपल्याच पोरांनी दोन-स्टारवाल्या कॉमेंटींची मोहीमच काढली होती. स्लॅशनंतर दोन स्टार दिले की कर्नल-डॉक नावाच्या स्क्रिप्टला वाटतं ही डॉक्युमेंटेशनची कॉमेंट, आणि आत बघावं तर कोणाचातरी कॉपीराइट! ती स्क्रिप्ट वॉर्निंग देऊन देऊन थकली. त्या जादा स्टारला काढायचं, एकेका ड्रायव्हरमधून. ते मात्र कामाचं काम होतं, कारण तिथे वाचणारं कोणीतरी होतं.

दुसऱ्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंची धाकटी माहितीय ना, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला? तिने पाठवला हो स्टेजिंगला पॅच. कॉमेंटचं शेवटचं स्टार-स्लॅश वेगळ्या ओळीवर नेलं. तेवढंच! पण हात शिवशिवले, आणि त्याच पॅचमध्ये एका व्हेरिएबलचं नावही बदललं. आलं ना उत्तर ग्रेगच्या पॅच-बॉटचं! मी ग्रेगचा मैत्रीपूर्ण अर्ध-यांत्रिक बॉट, आणि तुझ्या पॅचमध्ये खालील घोटाळा आढळला: एकाच पॅचमध्ये अनेक गोष्टी केल्यास. पोरीचं तोंड उतरलं, आई म्हणाली परीक्षेला बसल्यासारखी गप्प झाली होती. मग दोन पॅच केले, पुन्हा पाठवले, आणि घेतले हो! घेतले! डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. एक स्टार खाली सरकवला त्याचे पेढे. मला दोन मिळाले. मी खाल्ले, काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, पोरीचं नाव त्या इतिहासात गेलं, ते आता कोणी काढू शकत नाही.

आता तिला वाटलं, नेटवर्किंगची रीत गेली तर तिकडे केवढं काम पडलंय. सगळ्या जुन्या कॉमेंटी! सुट्टीभर पुरेल. धावत आली माझ्याकडे, डोळे चमकतायत. म्हटलं, थांब बाई, आधी त्यांची नियमावली वाच. अहो, त्या लोकांनी 2024 पासून पाटीच लावलीय: नुसती झाडलोट करायला इकडे येऊ नका. चेकपॅच ओरडते म्हणून कॉमेंट सरकवली, असले पॅच नकोत. दुसरं काही काम करताय आणि त्यात झालं तर गोष्ट वेगळी. नुसतं हलवाहलव केल्याने जेवढा फायदा त्याहून त्रास जास्त, असं स्वच्छ लिहिलंय. ज्यांनी दहा वर्षं एका ओळीसाठी सगळ्यांना नाचवलं, ते आता म्हणतात फॉरमॅटिंगसाठी आमचा वेळ घालवू नका! पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा… अगं बाई, मला वाईटच वाटलं.

पण त्याच पाटीच्या शेवटी एक सूट आहे, बघितलीत ना? कॉमेंटमधलं स्पेलिंग किंवा व्याकरण चुकलं असेल तर ते सुधारायला त्यांची ना नाही. मी लगेच बोलले नाही तिला. कारण जावयांच्या ड्रायव्हरमध्ये 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलंय, आय आणि ई उलटसुलट, आणि ते मी परवा चाळताना बघून ठेवलंय. आज रात्री पॅच पाठवणार आहे. तुम्ही तेवढं डॉक्टरीणबाईंना बोलू नका हं.